केसपेपरवर न लिहिलेला आजार

प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या रुग्णांच्या काही तक्रारी ठरलेल्या असतात. डोके जड होते, अंग मोडून येते, छातीत धडधडते, कंबर धरते, हातापायांना मुंग्या येतात, जेवण जात नाही, रात्री झोप लागत नाही. गोव्याच्या पेडणे तालुक्यातले तुये किंवा कासारवर्णे असो, डिचोली तालुक्यातले साखळी किंवा मये असो, सकाळच्या ओपीडीत या तक्रारी रोज ऐकू येतात. केसपेपर निघतो, रक्तदाब पाहिला जातो, गरज वाटली तर रक्त-लघवीची तपासणी होते आणि वेदनाशामक गोळी, ॲसिडिटीची गोळी, एखादे टॉनिक घेऊन रुग्ण घरी जातो. बहुतेकांना आराम पडतो. काही जण मात्र महिन्याभरात त्याच तक्रारी घेऊन त्याच बाकावर येऊन बसतात. तपासण्या नॉर्मल येतात, गोळ्या बदलतात, आजार हलत नाही. म्हापशाचे रुग्णालय होते, मग बांबोळीचे होते, आणि प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर सुरू होतो.

अशा रुग्णांपैकी अनेकांना नैराश्य किंवा चिंतेचा विकार असतो. वैद्यकशास्त्र या दोन्हींना मिळून ‘सामान्य मानसिक विकार’ म्हणते. सामान्य याचा अर्थ किरकोळ नव्हे, सर्रास आढळणारे. हे विकार साध्या दवाखान्यात किती आढळतात, ते तिथेच ओळखता येतात का, आणि मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसताना त्यांवर उपचार होऊ शकतो का, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधणारे महत्त्वाचे संशोधन गोव्यात झाले. त्यातून निघालेली उत्तरे आज जगभरातल्या आरोग्यव्यवस्था अभ्यासतात.

तक्रार अंगाची, मोजणी मनाची

मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात ‘सांगात’ ही संस्था स्थापन केली. सांगात म्हणजे सोबत. त्याच सुमारास गोव्यातील प्राथमिक दवाखान्यांत आलेल्या ३०३ प्रौढ रुग्णांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. हे रुग्ण मनाची तक्रार घेऊन आलेले नव्हते. तरीही त्यांच्यातल्या ४६.५ टक्के लोकांना, म्हणजे जवळजवळ दर दोघांतल्या एकाला, सामान्य मानसिक विकार होता. कर्ज असणे आणि पैशाअभावी अन्न विकत घेता न येणे यांचा या विकारांशी जवळचा संबंध दिसला. नैराश्य हा खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचा आजार आहे, या समजाला या आकड्यांत कुठेच आधार नव्हता.

पुढच्या पाहण्यांनी हे चित्र अधिक स्पष्ट केले. सुमारे ३,००० स्त्रियांची निवड करून केलेला एक अभ्यास २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. सहा महिन्यांहून अधिक काळ सतत थकवा असल्याचे १२.१ टक्के स्त्रियांनी सांगितले. बाई थकते म्हणजे तिच्या अंगात रक्त कमी आहे, असे आपल्याकडे घरातली माणसेही म्हणतात आणि दवाखान्यातही लोहाची गोळी पहिल्यांदा आठवते. या अभ्यासात मात्र थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंध आढळला नाही. तो गरिबीशी, नवऱ्याकडून होणाऱ्या लैंगिक जबरदस्तीशी आणि मनावरच्या ताणाशी आढळला. अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीबाबतही असेच दिसले. जंतुसंसर्गापेक्षा मानसिक त्रासाशी त्या तक्रारीचे नाते अधिक घट्ट होते. रक्तक्षय किंवा जंतुसंसर्ग नसतोच, असा याचा अर्थ नाही. त्यांची तपासणी झालीच पाहिजे. पण तपासणीत काही सापडले नाही म्हणून बाईला काहीच झालेले नाही, असे म्हणणे चूक ठरते.

बाळंतिणींविषयीचा गोव्यातील अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका जिल्हा रुग्णालयात नाव नोंदवलेल्या २७० गरोदर स्त्रियांचा त्यात पाठपुरावा केला होता. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होते. त्यांतल्या बहुतेकींचा त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता. पैशाची ओढाताण आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध यांनी धोका वाढत होता, आणि मुलगी झाली तर काही घरांत तोही आईच्या वाट्याला येणारा भार ठरत होता.

गोळी, बोलणे आणि खोटी गोळी

आजार किती आहे हे कळल्यावर उपचाराचा प्रश्न आला. वैद्यकीय संशोधनात एखाद्या उपचाराचा गुण सिद्ध करायचा तर केवळ बरे झालेल्यांची संख्या सांगून भागत नाही. माणूस काळाच्या ओघात आपोआपही बरा होतो, आणि कुणीतरी आपली दखल घेते आहे एवढ्यानेही त्याला बरे वाटते. म्हणून रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडतात. कोणत्या गटात कोण जाणार हे डॉक्टर ठरवत नाही, रुग्णही ठरवत नाही. त्यामुळे गट एकसारखे राहतात आणि शेवटी दिसणारा फरक उपचाराचाच आहे असे म्हणता येते.

गोव्यातील दोन जिल्हा रुग्णालयांच्या ओपीडीत आलेल्या ४५० रुग्णांवर अशी चाचणी झाली आणि २००३ मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध दिले, दुसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली आणि तिसऱ्या गटाला बोलण्यावर आधारलेला मानसोपचार दिला. दोन महिन्यांनंतर औषधाचा गट खोट्या गोळीच्या गटापेक्षा चांगला होता. मानसोपचाराच्या गटाला मात्र खोट्या गोळीपेक्षा जास्त फायदा झालेला दिसला नाही.

संशोधकांनी हा निष्कर्ष जसाच्या तसा जगापुढे ठेवला. आपला उपचार कमी पडला हे आकड्यांनिशी मान्य करणे ही चांगल्या संशोधनाची पहिली खूण आहे. पुढच्या कामाचा पायाही त्या कबुलीतूनच घातला गेला. एकच उपचार सगळ्यांना देण्याऐवजी आजाराच्या तीव्रतेप्रमाणे पायरी-पायरीने उपचार द्यायचा, आणि रुग्ण मध्येच सुटून जाऊ नये म्हणून त्याच्यामागे एक माणूस कायम उभा करायचा, असे ठरले.

मानस: चोवीस दवाखान्यांची चाचणी

या नव्या प्रयोगाचे नाव होते ‘मनशांती सुधार शोध’, म्हणजेच ‘मानस’. एप्रिल २००७ ते सप्टेंबर २००९ या काळात गोव्यातील २४ दवाखान्यांत तो चालला. त्यांपैकी १२ सरकारी आरोग्य केंद्रे होती आणि १२ खासगी डॉक्टरांचे दवाखाने. एकाच बाकावर बसलेल्या दोन रुग्णांना वेगवेगळी वागणूक देणे अवघड असते, म्हणून चिठ्ठ्या रुग्णांच्या न टाकता दवाखान्यांच्या टाकल्या. निम्म्या दवाखान्यांत नवी पद्धत आली. उरलेल्या निम्म्या दवाखान्यांतही रुग्णांना वाऱ्यावर सोडले नव्हते. तपासणीत कोणाला विकार असावा असे दिसले ते तिथल्या डॉक्टरांना कळवले जात होते आणि उपचाराच्या मार्गदर्शक सूचनाही त्यांना दिल्या होत्या. एकूण २,७९६ रुग्ण चाचणीत सामील झाले.

नव्या पद्धतीच्या केंद्रस्थानी होती आरोग्य समुपदेशक. ती डॉक्टर नव्हती, परिचारिका नव्हती, मानसशास्त्राची पदवीधरही नव्हती. स्थानिक भाषा बोलणारी, आरोग्यसेवेचा पूर्वानुभव नसलेली बाई निवडून तिला दोन महिन्यांचे प्रशिक्षण दिले होते. पहिल्या पायरीवर ती रुग्णाला त्याचा आजार समजावून सांगे: धडधड का होते, झोप का उडते, श्वास संथ कसा करायचा, आणि हा वेडेपणा नव्हे, बरा होणारा आजार आहे. त्रास मध्यम किंवा तीव्र असेल तर दुसऱ्या पायरीवर डॉक्टर औषध सुरू करत, किंवा समुपदेशक ठरावीक बैठकांमधून नातेसंबंधांतल्या अडचणींवर रुग्णासोबत काम करी. एवढ्याने भागले नाही तर तिसऱ्या पायरीवर दोन्ही उपचार एकत्र होत. त्यापुढची पायरी मानसोपचारतज्ज्ञाची. तो रोज केंद्रात बसत नव्हता. समुपदेशक आणि डॉक्टर यांना मार्गदर्शन करणे आणि अवघड रुग्ण पाहणे एवढेच त्याच्याकडे होते. थोडक्यात, मोजक्या तज्ज्ञांचे ज्ञान अनेक हातांनी रुग्णांपर्यंत पोचवायची ही रचना होती.

सहा महिन्यांनी हिशेब केला गेला. सुरुवातीला विकाराचे निदान झालेल्यांपैकी नव्या पद्धतीच्या दवाखान्यांत ६५ टक्के रुग्ण बरे झाले होते, नेहमीच्या दवाखान्यांत ५२.९ टक्के. खरा अर्थ मात्र सरकारी आणि खासगी दवाखाने वेगळे केल्यावर कळतो. सरकारी केंद्रांत समुपदेशक असताना ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले, नसताना फक्त ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत समुपदेशक असताना ६४.१ आणि नसताना ६५.९, म्हणजे काहीच फरक नाही.

हा फरक विचार करायला लावणारा आहे. खासगी दवाखान्यातला घरचा डॉक्टर वर्षानुवर्षे तोच असतो. त्याला कुटुंब माहीत असते, तो दोन शब्द बोलतो, विचारपूस करतो. उपचाराचा एक भाग त्या ओळखीतच होऊन जात असावा. सरकारी केंद्रात रांग मोठी असते, डॉक्टरांच्या बदल्या होतात आणि प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे येतात. समुपदेशकाने भरून काढली ती हीच उणीव. जिथे ऐकून घ्यायला कोणी नव्हते, तिथे ऐकणारे माणूस बसवल्याचा परिणाम सर्वांत मोठा झाला.

वर्षभराच्या पाठपुराव्यानंतर सरकारी केंद्रांतील निदान झालेल्या रुग्णांमध्ये विकाराचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी दिसले, आत्महत्येचे बेत किंवा प्रयत्न ३६ टक्क्यांनी कमी झाले, आणि काम बुडण्याचे किंवा कमी होण्याचे दिवस महिन्याला चाराहून अधिक दिवसांनी घटले. हातावर पोट असलेल्या घरात चार दिवसांची मजुरी म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. सरकारी केंद्रांत ही पद्धत खर्चाच्या हिशेबानेही फायद्याची ठरली, कारण वारंवार होणाऱ्या चकरांचा आणि बुडणाऱ्या कामाचा खर्च वाचत होता.

नऊ प्रश्न आणि एक वही

यानंतरचा प्रयत्न उपचार आणखी सोपा करण्याचा होता. ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ नावाची पद्धत गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर तपासली गेली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले.

रुग्ण शोधण्यासाठी नऊ प्रश्नांची एक यादी वापरली होती. ती आज जगभर वापरात आहे. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही असे झाले का? मन उदास राहिले का? झोप, थकवा, भूक? आपण कुचकामी आहोत असे वाटले का? लक्ष लागत नाही का? हालचाल किंवा बोलणे मंदावले, की उलट एका जागी बसवेना? आणि शेवटचा प्रश्न, जगू नये असे किंवा स्वतःला इजा करावी असे विचार आले का? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण असतात. बेरीज २७ पैकी १४ च्या वर गेली तर आजार चांगलाच बळावलेला आहे. विचारायला पाच मिनिटे पुरतात. शेवटचा प्रश्न विचारल्याने कोणाच्या डोक्यात नको ते विचार येत नाहीत. उलट, जे आधीच मनात असते ते बोलायला वाट मिळते.

उपचाराचे सूत्र साधे होते. नैराश्य आले की माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, आणि गोष्टी सुटत गेल्या की नैराश्य वाढत जाते. ही साखळी मनाच्या बाजूने तुटत नसेल तर कृतीच्या बाजूने तोडायची. उदाहरणादाखल, एखादी बाई पूर्वी पहाटे उठून परसातली अबोली खुडायची, गजरे करायची, एकादशीला भजनाला जायची. आता तिला अंथरुणातून उठवत नाही. ‘मन घट्ट कर’ हा सल्ला तिने शंभरदा ऐकलेला असतो. समुपदेशक तो देत नाही. ती तिच्याबरोबर वही उघडून बसते. काल दिवसभर काय काय केले आणि त्या त्या वेळी मन कसे होते, हे दोघी मिळून लिहितात. परसात गेल्यावर दहा मिनिटे जरा बरे वाटले, हे कागदावर दिसते. मग पुढच्या आठवड्यासाठी एकच छोटी गोष्ट ठरते: रोज सकाळी चहानंतर अबोलीला पाणी घालायचे, मन होवो न होवो. पुढच्या भेटीत त्याचा हिशेब होतो आणि आणखी एक पाऊल ठरते. अशा सहा ते आठ भेटींत उपचार पूर्ण होतो.

हे काम करणारे समुपदेशकही गावातलेच होते. त्यांच्या कामाचा दर्जा टिकवण्यासाठी बैठकांचे ध्वनिमुद्रण होई आणि समुपदेशक गटाने एकत्र बसून ते ऐकत, एकमेकांच्या कामाला गुण देत. तीन महिन्यांनंतर नेहमीचीच सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. वहीचा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के. वर्षभरानेही फरक टिकून होता: ४८ टक्क्यांच्या तुलनेत ६३ टक्के.

दारू आणि दुखापत

पुरुष नैराश्याची तक्रार क्वचितच करतात. त्यांच्यातल्या अनेकांचा त्रास दारूच्या रूपाने दिसतो. फेणी आणि हुर्राक यांना गोव्याच्या काजूबागायतींत आणि लोकजीवनात जुने स्थान आहे. त्यामुळे घेणे आणि जास्त घेणे यांतली रेघ चटकन दिसत नाही. ती ओळखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची यादी वापरतात. तिच्यात एक प्रश्न थेट दुखापतीविषयी आहे: तुमच्या पिण्यामुळे तुम्हाला किंवा दुसऱ्या कुणाला इजा झाली आहे का? रात्रीच्या दुचाकी अपघातात फुटलेले डोके आणि घरात बायकोच्या अंगावर उठलेले वळ, दोन्हींचे खरे कारण या एका प्रश्नातून बाहेर येऊ शकते. अपघात विभागात जखमेला टाके पडतात, पण कारण मात्र केसपेपरवर येत नाही.

‘सांगात’मधील अभिजित नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी धोकादायक पातळीवर पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर केलेली चाचणीही २०१७ मध्येच प्रसिद्ध झाली. समुपदेशक जास्तीत जास्त चार बैठका घेत. उपदेश नाही, दरडावणे नाही. दारूने काय दिले आणि काय नेले, याचा ताळा रुग्णाला स्वतःच मांडू द्यायचा, कारण सोडण्याचे कारण त्याच्याच तोंडून आले तर ते टिकते. तीन महिन्यांनी, मागच्या १४ दिवसांत दारूला अजिबात स्पर्श न केलेल्यांचे प्रमाण समुपदेशनाच्या गटात ४२ टक्के होते आणि नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटात १८ टक्के. जे पीत राहिले त्यांचे पिण्याचे प्रमाण मात्र फारसे घटले नाही. ज्यांचे शरीर दारूवर पूर्ण अवलंबून आहे, त्यांच्यासाठी ही पद्धत नाही. अशा माणसाने एकाएकी दारू तोडली तर आकडी येण्याचा, भ्रम होण्याचा धोका असतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडली पाहिजे.

गोव्यातून बाहेर आणि पुन्हा गोव्यात

बिगरतज्ज्ञ माणसाला नीट शिकवले तर तो मनाच्या आजारावर गुणकारी उपचार देऊ शकतो, हे इतर देशांतही दिसून आले आहे. पाकिस्तानात गावपातळीवरील आरोग्यसेविकांनी बाळंतिणींचे नैराश्य कमी केल्याचा अभ्यास २००८ मध्ये आला. झिंबाब्वेत दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून रुग्णांशी बोलणाऱ्या आज्यांच्या कामाची चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. पाकिस्तानातील पद्धतीचे रूप बदलून गोव्यात गरोदर स्त्रियांना त्यांच्यासारख्याच गावातल्या बायका, ज्यांना ‘सखी’ म्हटले गेले, आधार देऊ लागल्या. वहीचा उपचार पुढे मध्य प्रदेशातील सीहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना शिकवण्याचे काम झाले.

तरीही गरज आणि सोय यांतले अंतर मोठे आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात सामान्य मानसिक विकार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नाहीत. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा प्रत्येक नागरिकाला सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क देतो. गोव्यात मानसोपचाराची मुख्य सरकारी संस्था बांबोळीला आहे. मोपाच्या पठारावरच्या किंवा साखळीपलीकडच्या वाडीतल्या बाईला त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून, बस बदलत जावे लागते. खनिजाच्या खाणी बंद पडल्यानंतर डिचोलीतल्या ज्या घरांचे खनिज वाहणारे ट्रक उभे राहिले आणि हप्ते थकले, त्या घरांत चिंता किती शिरली असेल, हे १९९८ सालच्या आकड्यांवरूनच उमजू शकते. कर्ज आणि नैराश्य यांची जोडी तेव्हाच कागदावर आलेली होती.

संशोधन प्रकल्प ठरावीक मुदतीचा असतो. मुदत संपली की निधी संपतो. समुपदेशकाची जागा मात्र आरोग्य केंद्रातल्या औषधनिर्मात्यासारखी, परिचारिकेसारखी कायमची हवी. तिची उपयुक्तता सिद्ध झालेली आहे, आणि ती गोव्याच्याच आरोग्य केंद्रांत, गोव्याच्याच रुग्णांच्या संमतीने आणि सहभागाने सिद्ध झालेली आहे. ज्या लोकांनी आपली दुखणी सांगून हे ज्ञान जगाला दिले, त्यांच्या गावात ते पोचवणे हे आपल्यावरचे त्यांचे देणे आहे.

तोवर वाचकांच्या हातात एक गोष्ट आहे. स्वतःची किंवा घरातल्या कुणाची झोप, भूक आणि उमेद दोन आठवड्यांहून अधिक काळ हरवली असेल, तर डॉक्टरांना अंगदुखीबरोबर तेही सांगावे आणि केसपेपरवर लिहून घ्यावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही बोलता येते.